बोटीची ट्रॉली ओढायला मोठे टायर घालावेत का? (व्ही-क्रॉस, २४५/७० आर १६)

शापोराकाठ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१६ ची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे, अडीच लिटरची, पाच गिअरची मॅन्युअल. टायर कंपनीच्याच मापाचे, २४५/७० आर १६. नक्षी संपत आली आहे, तेव्हा या पावसाआधी चारही बदलायचे आहेत. इथे गोव्यात, म्हापशातला टायरवाला २६५/७५ आर १६ चे ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांच्या नक्षीचे) सुचवतोय. रिम तीच राहील, गाडी उंच होईल, चिखलात अडणार नाही, असं त्याचं म्हणणं.

माझं काम असं आहे. वीस फुटी फायबरची बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, खाली एका अ‍ॅक्सलची ट्रॉली. सगळं मिळून तेराशे किलोच्या आसपास. पावसाच्या तोंडावर बोट बाहेर काढून शिवोलीला घरी आणतो, नारळी पौर्णिमा झाली की परत पाण्यात. मधल्या काळात कधी बेतीला, कधी थेट कुटबणला न्यावी लागते. अधूनमधून अनमोड घाट चढून कर्नाटकात गणेशगुडीलाही जाणं होतं. रॅम्पवरून, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या काँक्रीटच्या उतारावरून, ट्रॉली वर काढताना आत्ताच हाफ क्लच बराच द्यावा लागतो. मोठ्या टायरने हे सोपं होईल की अवघड?

घाटमाथा

अवघड होईल. सगळा हिशेब टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्यांतच आहे, म्हणून तो मांडूनच दाखवतो.

२४५/७० आर १६ म्हणजे रुंदी २४५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ७० टक्के म्हणजे १७१.५ मिमी, आणि रिम १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी. रिमच्या वरची आणि खालची भिंत मिळवली की पूर्ण व्यास ७४९ मिमी येतो. २६५/७५ ला हाच हिशेब लावा, ८०४ मिमी होतात. व्यास सव्वासात टक्क्यांनी वाढला.

टायर बदलल्याने इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, बदलत नाही, गिअरबॉक्सही तोच राहतो. पण तो टॉर्क रस्त्याला लागतो चाकाच्या त्रिज्येतून. त्रिज्या वाढली की रस्त्यावरची ओढ त्याच प्रमाणात घटते. विहिरीच्या रहाटाचा ओंडका जाड केला तर एका फेऱ्यात दोर जास्त वर येतो, पण तीच घागर हाताला जड लागते. इथेही तेच होतं. तुमच्या गाडीची ओढ जवळजवळ सात टक्के कमी होईल, आणि ती पहिल्या गिअरपासून रिव्हर्सपर्यंत सगळीकडे. क्राउन-पिनियनचं (अ‍ॅक्सलमधल्या शेवटच्या गिअरजोडीचं) प्रमाण समजा ४.१० असेल, तर या टायरांवर ते ३.८२ असल्यासारखं वागेल.

आता रॅम्प बघू. बोटीचे रॅम्प साधारण १२ ते १५ टक्के चढाचे बांधतात. तुमची गाडी दोन टन धरली तर ट्रॉलीसकट ३,३०० किलो. १५ टक्के चढावर एवढं वजन नुसतं धरून ठेवायलाच ४९० किलोच्या आसपास जोर लागतो. शिवाय ट्रॉली पाण्यातून सुटताना बोटीचं वजन एकदम तिच्यावर येतं, ते निराळंच. तुमच्या इंजिनाचा ३२० न्यूटन-मीटरचा टॉर्क मिनिटाला १,८०० फेऱ्यांपासून पुढे मिळतो. जागेवरून निघताना इंजिन त्याच्या खालीच असतं, म्हणूनच तुम्ही क्लच घासून फेऱ्या वर ठेवता. चाक मोठं केलं की ते घासणं आणखी लांबेल. सपाट रस्त्यावर सात टक्क्यांचा फरक कदाचित जाणवणारही नाही, पण रॅम्पवर तो क्लच प्लेटमधून वसूल होतो.

बेतीची_जेटी

घाटमाथांचा हिशेब बरोबर आहे. माझा रोजचा वावर धक्क्यावर असतो, तेव्हा एक गोष्ट जोडतो. रॅम्पवर गाड्या अडतात त्यातल्या निम्म्या ताकद कमी पडते म्हणून अडत नाहीत, चाक घसरतं म्हणून अडतात. या दोन दुखण्यांवरचे इलाज वेगळे आहेत.

ओहोटीला रॅम्पचा खालचा पट्टा उघडा पडतो. तिथे काँक्रीटवर हिरवं शेवाळ असतं, पातळ आणि साबणासारखं गुळगुळीत. ट्रॉली पाण्यात असते तेव्हा गाडीची मागची चाकं नेमकी या पट्ट्यावर येतात. पुढची चाकं मात्र वर, कोरड्या काँक्रीटवर. टू-व्हीलमध्ये सगळी ओढ मागच्या चाकांवर आणि तीच शेवाळात. मग चाक जागच्या जागी फिरतं, रबराचा वास सुटतो आणि गाडी बोटभर खाली सरकते. अशा वेळी लोक घाबरून आणखी रेस देतात.

तुमच्या गाडीत फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारी लो रेंज, आहे ना? मग रॅम्पवर उतरण्याआधी, वर सपाटीवरच तो घाला. त्याने दोन कामं होतात. कोरड्या जागेवरची पुढची चाकं ओढायला लागतात, आणि लो रेंजमुळे ओढ अडीचपट होते. हाफ क्लचची गरजच उरत नाही. पहिल्या गिअरात क्लच पूर्ण सोडून गाडी आपल्या चालीने वर येते. मात्र स्टिअरिंग सरळ ठेवा. या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो, कोरड्या काँक्रीटवर फोर-व्हीलमध्ये वळवलं की सगळी यंत्रणा आवळते.

शक्य असेल तर भरतीची वेळ साधा. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. भरतीला गेलात तर शेवाळाचा पट्टा पाण्याखाली राहतो आणि गाडीला तिथवर उतरावंच लागत नाही. माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

हायलक्सवाला_मडगाव

मला जरा वेगळं सांगायचंय. माझी हायलक्स ऑटोमॅटिक, ५०० न्यूटन-मीटर. कंपनीचे २६५/६० आर १८ होते, मी २७५/६५ आर १८ घातले. व्यास पाच टक्क्यांनी वाढला. दोन जेट-स्की आणि ट्रॉली घेऊन फिरतो. ताकद कमी झाल्यासारखं मला एकदाही वाटलं नाही. कच्च्या रस्त्यावर उलट आराम आहे, खड्डे कमी जाणवतात. सगळ्यांनाच घाबरवायचं कारण नाही असं मला वाटतं.

घाटमाथा

हायलक्सवाला, तुमचं बरोबर आहे, पण तुमच्याकडे ताकद शिल्लक आहे. दोन जेट-स्की आणि हलकी ट्रॉली म्हणजे त्या गाडीला फार मोठं ओझं नाही. एक तपासून बघा. पणजीहून अटल सेतू संपवून पर्वरीचा चढ लागतो, तिथे ट्रॉली मागे असताना गिअरबॉक्स किती वेळा खालचा गिअर घेतो आणि सोडतो ते पाहा. मोठ्या चाकावर वरचा गिअर लोड पेलत नाही, म्हणून तो खाली येतो. फेऱ्या वाढल्या की परत वर जातो आणि तिथे परत अडखळतो. प्रत्येक वेळी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलावर चालणारा भाग) घसरण होते आणि तेल तापतं. ऑटोमॅटिकचं आयुष्य तेलाच्या तापमानावर असतं. चढावर मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर धरून ठेवलात तर हा त्रास बराच टळेल.

हायलक्सवाला_मडगाव

खरं आहे, चढावर तिसरा-चौथा असं वरखाली होतं. ते टायरमुळे असेल हे डोक्यात आलं नव्हतं. गिअर धरून बघतो.

कुडचडेचा_टिपर

मी टिपरच्या धंद्यातला माणूस, पिकअपच्या नाही. पण हा प्रश्न आमच्याकडे जुना आहे. २०१२ ला खाणी थांबल्या तोवर सावर्डे-कुडचडे भागात घरटी टिपर होता म्हटलं तरी चालेल, आणि टायरची चर्चा चहाइतकी चालायची. ९.००-२० च्या जागी १०.००-२० घातला की उंची वाढते, मालही जास्त पेलतो, पण चढावर गाडी मंदावते हे ड्रायव्हरला पहिल्याच फेरीत कळायचं. खाणीच्या खड्ड्यातून भरून वर येणाऱ्या गाडीला कंपनी म्हणूनच वेगळा क्राउन-पिनियन देते, लांब पल्ल्याच्या गाडीला वेगळा. चाक मोठं आणि क्राउन-पिनियन तोच ठेवला तर चढाची गाडी हायवेची होऊन बसते.

शापोराकाठ भाऊ, तुम्हाला खरोखर ८०४ मिमीचाच टायर हवा असेल तर आधीची ओढ परत मिळवायला क्राउन-पिनियन बदलावा लागेल. ४.१० च्या जागी ४.४० च्या जवळपासचा. पुढचा आणि मागचा दोन्ही, कारण गाडी फोर-बाय-फोर आहे. त्याचा खर्च आणि सुटे भाग मिळण्याची मारामार पाहता टायरच लहान ठेवणं शहाणपणाचं.

शापोराकाठ

सगळ्यांचे आभार, बरंच उलगडलं. दोन प्रश्न. फक्त मागचे दोन मोठे घातले तर? बोटीचं वजन मागेच येतं. आणि मधला २६५/७० आर १६ चालेल का?

कुडचडेचा_टिपर

फक्त मागचे मोठे? मुळीच नाही. फोर-लो घातला की पुढची आणि मागची शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. मागचं चाक मोठं असेल तर एका फेऱ्यात ते जास्त अंतर जाऊ पाहतं, पुढचं कमी. हा फरक ट्रान्सफर केस (दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणारी पेटी) आणि सांध्यांनाच सोसावा लागतो, काँक्रीटवर तर काहीतरी तुटेपर्यंत. चारही एकाच मापाचे, एकाच नक्षीचे, साधारण सारखे झिजलेले हवेत. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची. आमच्याकडे मागच्या जोडचाकांत एक टायर उंच आणि एक बुटका बसला तर उंच टायर सगळं ओझं घेतो आणि तापून फुटतो. टायरची उंची मोजून जोडी लावायची सवय तिथूनच लागली.

घाटमाथा

२६५/७० आर १६ चा व्यास ७७७ मिमी, म्हणजे पावणेचार टक्के वाढ. ओढीचं नुकसान साधारण निम्म्यावर येतं. रोज रॅम्पचं काम नसतं तर मी त्याला हरकत घेतली नसती. पण या सगळ्यातून मिळणार काय तेही बघा. व्यास वाढतो त्याच्या निम्मीच गाडी उंच होते. ८०४ च्या टायरने गाडी २७ मिमी वर जाईल, ७७७ च्या टायरने फक्त १४ मिमी.

आणि आता मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ते लिहितो. चढ चढता आला नाही तर गाडी थांबते, बसल्या बसल्या लाज वाटते, एवढंच. उताराचं तसं नाही. गणेशगुडीहून येताना अनमोडवरून मोलेपर्यंत तुम्ही बोट मागे घेऊन उतरता. एका अ‍ॅक्सलच्या ट्रॉलीला बहुतेक स्वतःचे ब्रेक नसतात. तुमच्याही नसणार असं धरतो. म्हणजे तेराशे किलोचा धक्का पूर्ण गाडीच्या ब्रेकवर. ३,३०० किलो वजन १०० मीटर खाली उतरलं की जवळजवळ एक युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. ती कुठेतरी जिरवावी लागते, एक तर इंजिनात नाहीतर डिस्क आणि ड्रममध्ये.

मोठा टायर इथे दोन्हीकडून मार देतो. चाळीसच्या वेगाने दुसऱ्या गिअरात इंजिन समजा २,५०० फेऱ्यांवर असेल, तर मोठ्या चाकावर ते २,३३० वर येतं. गाडीला इंजिनने धरून ठेवणं तेवढं सैल पडतं. शिवाय तेवढाच पेडल दाबला तर डिस्कवर तेवढाच टॉर्क येतो, पण रस्त्यावरचा रोधक जोर सात टक्के कमी मिळतो. वर टायर स्वतः जड, त्याला थांबवायलाही जोर लागतो. घाटाच्या खालच्या वळणावर ब्रेकमधून जळका वास यायला लागला की पेडल खाली जायला फार वेळ लागत नाही. पावसात, बोट मागे असताना, हा प्रसंग कुणावरही येऊ नये. टायर कोणतेही घाला, घाटात उतरताना गिअर आधीच खाली घ्या, वेग वाढल्यावर नव्हे. जुने ट्रकवाले सांगतात, ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. ते अक्षरशः पाळा.

जांभाखडक

टायरवाला ज्याबद्दल बोलत नाही तो मुद्दा म्हणजे लोड इंडेक्स. मापाच्या पुढे एक आकडा असतो. १०७ म्हणजे एका टायरवर ९७५ किलो, १११ म्हणजे १,०९० किलो, ११६ म्हणजे १,२५० किलो. ट्रॉलीच्या नाकाचं वजन, म्हणजे हिचच्या (गाडीमागच्या ट्रॉली-जोडणीच्या) गोळ्यावर येणारा भार, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवायचा असतो. तुमच्या बोटीला तो १३० ते १९५ किलो होतो. हा भार मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकतो. त्यामुळे मागच्या टायरांवर तो त्याहून जास्त भरतो आणि पुढची बाजू हलकी करतो. त्यात मागच्या हौद्यात इंधनाचे कॅन, नांगर, दोरखंड असतातच. दुकानातून उठण्याआधी हा आकडा वाचा. कंपनीच्या टायरपेक्षा कमी लोड इंडेक्स घेऊ नका, दिसायला टायर कितीही दणकट असला तरी.

आणखी एक. गाडी २७ मिमी वर गेली की हिचही २७ मिमी वर जातो आणि ट्रॉलीचं नाक आकाशाकडे वळतं. वजन मागे सरकतं, नाकावरचा भार कमी होतो आणि ट्रॉली शेपटी हलवायला लागते. नव्या झुआरी पुलावर वारा आडवा येतो तिथे हे चांगलंच कळतं. टायर बदलले तर हिचची उंची परत जुळवा.

उंच भिंतीचा टायर कडेला वाकतोही जास्त. २४५/७० ची भिंत १७१ मिमी, २६५/७५ ची १९९. मडची मोठी नक्षी असेल तर नक्षीचे ठोकळेसुद्धा डुलतात. ट्रॉली मागे असताना स्टिअरिंगला जो लवचीकपणा येतो त्यात हे सगळं मिळालेलं असतं.

पेडण्याची_वाट

कागदाचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापांच्या बाहेर गेलात तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालायची वेळ येऊ शकते. ट्रॉलीची नोंदणीही वेगळी असते हे बरेच जण विसरतात. आणि ऑल-टेरेन घालून मोरजी-आश्वेच्या वाळूत बोट उतरवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. किनाऱ्यावर गाडी नेणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि तिथे कासवं अंडी घालतात. ती जागा आपण सगळ्यांनी सांभाळायची आहे.

शापोराकाठ

वाळूत नेणार नाही, बोट कायम रॅम्पवरूनच उतरते. ट्रॉलीला ब्रेक नाहीत, घाटमाथांनी बरोबर धरलं.

मग माझं असं ठरतंय. माप २४५/७० आर १६ च, नक्षी ऑल-टेरेन, लोड इंडेक्स १११. टायरवाल्याला सांगून मागवून घेतो. रॅम्पवर आजवर फोर-लो घालत नव्हतो, आता घालेन. हवेचं काय करू? ट्रॉली असताना वाढवायची का?

घाटमाथा

हो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरांचा वेगळा दाब दिलेला असतो, ट्रॉली असताना तोच ठेवा. थंड टायरमध्ये मोजायचा, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी. उन्हात पाच-दहा किलोमीटर चालल्यावर आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडू नका. रॅम्पवर पकड मिळावी म्हणून हवा कमी करण्याची कल्पना वाळूसाठी ठीक आहे, काँक्रीटवर तिचा उपयोग नाही. आणि हवा परत भरायला विसरून तसेच हायवेला लागलात तर टायरची भिंत तापते.

माप तेच ठेवल्यामुळे स्पीडोमीटरही खरा राहील. ८०४ च्या टायरवर काटा ६० दाखवताना गाडी ६४ च्या पुढे असती.

बेतीची_जेटी

गाडीचे टायर झाले, आता ट्रॉलीचे बघा. बोटीच्या ट्रॉलीचे टायर झिजून जात नाहीत, उन्हात उभे राहून मरतात. नक्षी नवीकोरी दिसते आणि भिंतीला बारीक चिरा असतात. बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ती वाचा. वजनाचाही हिशेब करा. तेराशेतून नाकावरचे दीडशे गेले, उरले साडेअकराशे, म्हणजे एका टायरवर ५७५ किलो. लोड इंडेक्स ९० चा टायर ६०० किलोचा, फारच काठावर. ९५ चा ६९० किलोचा असतो, तो घ्या.

कुडचडेचा_टिपर

आणि बेअरिंग. शिवोलीहून कुटबणपर्यंत जाऊन ट्रॉलीचा हब, म्हणजे बेअरिंग असलेला चाकाचा मधला भाग, गरम झालेला असतो, तो तसाच खाऱ्या पाण्यात घातला की एकदम थंड होतो. आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस पांढरट दिसलं की समजायचं पाणी शिरलंय. रॅम्पवर पोचल्यावर हबला हात लावून बघा, गरम असेल तर निवेपर्यंत थांबा, तोवर बोटीचे पट्टे सोडा. हंगाम संपला की दोन्ही हब उघडून जुनं ग्रीस पुसून नवं भरायचं, सील बदलायचं.

शापोराकाठ

हब या वर्षी उघडलेलाच नाही. टायर बसवायच्या दिवशीच तेही करून घेतो. देव बरें करूं सगळ्यांचं.

जांभाखडक

टायर बसवल्यावर नट टॉर्क रेंचने आवळून घ्या, एअर गनवर सोडू नका. पन्नास-साठ किलोमीटर झाले की गाडीचे आणि ट्रॉलीचे दोन्हीचे परत तपासा. ट्रॉलीचे जास्त सैल होतात.